ताप गेला, धुकं राहिलं

एप्रिल २०२१ मध्ये मला करोना झाला, तोही सौम्य. तीन दिवस ताप, थोडा खोकला, वास गेलेला. रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही. ‘थोडक्यात सुटलात हो सर!’ शेजारी म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

मी शाळेत गणित शिकवतो. जूनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि साधं वर्गसमीकरण सोडवताना मधली पायरीच आठवेना. मुलांची नावं ओठांवर येऊन अडायची. गॅसवर ठेवलेला चहा विसरून दोनदा भांडं जळालं. घरचे म्हणाले, वय झालं. मी मनातून घाबरलो होतो. आता शिकवणं जमेल का?

डॉक्टरांनी आधी थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, झोप, नैराश्य हे सगळं तपासलं. मग म्हणाले, ‘हा करोनानंतरचा त्रास आहे. याला ब्रेन फॉग म्हणतात.’ म्हणजे मेंदूवरचं धुकं.

हे नुसते मनाचे खेळ नाहीत. ब्रिटनमध्ये ७८५ जणांच्या मेंदूचे स्कॅन दोनदा काढले गेले. त्यांपैकी ४०१ जणांना मधल्या काळात करोना झाला होता, बहुतेकांना सौम्यच. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. करोना झालेल्यांत, वासाशी निगडित भागांमध्ये करड्या द्रव्याची घट सरासरीने ०.२ ते २ टक्के अधिक दिसली. बौद्धिक चाचणीतही ते काहीसे मागे पडले. अर्थात सरासरी म्हणजे प्रत्येकाची गोष्ट नव्हे, हे गणिताच्या शिक्षकाने सांगायलाच हवं.

असं का होतं? त्यासाठी विषाणू मेंदूत शिरलाच पाहिजे असं नाही. संसर्ग सरला तरी प्रतिकारयंत्रणा शांत होत नाही, दाह चालू राहतो, हे एक प्रमुख कारण मानलं जातं. यावर हमखास गुणकारी असं एकच औषध नाही.

मग मी काय केलं? वही जवळ ठेवली. एका वेळी एकच काम घेतलं. थकल्यावर नव्हे, तर थकण्याआधीच विश्रांती घ्यायला शिकलो. मुलांनाही खरं काय ते सांगितलं. मी अडलो की एखादी मुलगी हळूच म्हणायची, ‘सर, मधलं पद राहिलं.’ वर्षभरात धुकं बरंचसं विरलं.

आपल्या घरात, कचेरीत कुणी आजारानंतर विसरू लागलं, मंदावलं, तर त्याला आळशी म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या आणि राहिलेलं पद तेवढं हळूच सांगा.