उन्हाळ्यांतील नाशिक

नाशिकची हवा थंड, असा लौकिक मुंबईकडे फार दिवसांपासून आहे. मुंबईच्या दमट हवेस कंटाळलेलीं कुटुंबें देवळालीच्या सॅनिटोरियममध्यें येऊन राहत. त्यांनीं हा लौकिक दूरवर नेला. परंतु तो अर्धाच खरा आहे. चैत्र सरतां सरतां नाशिकांत दुपारचें ऊन असें तापतें कीं, मेन रोडवरील वर्दळ विरळ होते आणि गोदाघाटाच्या दगडी पायऱ्या अनवाणी पायांस सोसवत नाहींत. मे महिन्यांत दुपारचें तापमान सरासरीनें ३७-३८ अंश सेल्सिअस असतें. कांहीं दिवस तें चाळिशी ओलांडतें. मग थंडपणाचा लौकिक आला कोठून? तो आला रात्रींतून. त्याच मे महिन्यांत पहाटेचें तापमान २२-२३ अंशांपर्यंत उतरतें. दिवस आणि रात्र यांमधील हें पंधरा अंशांचें अंतर हीच नाशिकच्या उन्हाळ्याची खरी संपत्ति होय. तेथील जुना दिनक्रम नीट न्याहाळला, तर रात्रींचा गारवा सांठवून ठेवून तो दुपारीं पुरवून पुरवून वापरण्याची ती एक योजनाच होती, असें दिसून येतें.

हें अंतर पडतें तें शहराच्या जागेमुळें. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर वसलें आहे. समुद्र सरळ रेषेंत शंभराहून थोडे अधिक किलोमीटर दूर आहे. पण मध्यें सह्याद्रीची भिंत उभी असल्यामुळें उन्हाळ्यांत येथील हवा कोरडी राहते. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश असलें म्हणजे दिवसा जमीन लवकर तापते हें खरें; परंतु सूर्य मावळतांच तीच जमीन आपली उष्णता आकाशाकडे झपाट्यानें सोडूं लागते. हवेंतील बाष्प हें पांघरुणासारखें असतें. मुंबईच्या अंगावर तें पांघरूण अहोरात्र असतें, म्हणून तेथील दुपार नाशिकहून सौम्य असूनहि रात्रीं घाम थांबत नाहीं. नाशिकच्या अंगावर तें मृगाचे ढग येईपर्यंत फार विरळ असतें.

उन्हाळ्याचें स्वागत नाशिककर पाण्यानेंच करतात. होळीनंतर रंगपंचमीच्या दिवशीं जुन्या नाशकांत रहाडी उघडतात. रहाड म्हणजे पेशवाईच्या काळचा, भर चौकांत जमिनीखालीं बांधलेला खोल हौद. वर्षभर तो झांकलेला असतो आणि त्याच्यावरून माणसें व वाहनें जात-येत असतात. शनि चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा येथील रहाडी प्रसिद्ध आहेत. पूजा झाली म्हणजे त्यांतील रंगीत पाण्यांत लहानथोर उड्या घेतात. या उडीस ‘धप्पा’ म्हणतात. पुढें येणाऱ्या तीन महिन्यांच्या तापाआधीं अंग गार करून घेण्याचा हा गांवकीचा सोहळाच म्हणावा.

खऱ्या उन्हाळ्याचा दिवस सुरू होतो तो पहाटे. उजाडण्यापूर्वीं दारें-खिडक्या सताड उघडलेल्या असत, कारण त्या वेळची हवा चोवीस तासांतील सर्वांत थंड. अंगणांत सडा पडे, तो केवळ धूळ बसावी म्हणून नव्हे. पाण्याची वाफ होतांना जमिनींतील उष्णता खर्च होते व अंगण निवतें. जपानांतील गांवांतूनहि उन्हाळ्यांत दारापुढें पाणी शिंपडण्याची अशीच चाल आहे. तिला तेथें ‘उचिमिझु’ म्हणतात. परस्परांस ठाऊक नसलेल्या दोन लोकांनीं एकाच सृष्टिनियमाचा असा सारखाच उपयोग करून घ्यावा, ही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. बाजारहाट, नदीवरील स्नान, देवदर्शन, धुणें हीं सर्व कामें नऊ-दहाच्या आंत उरकत. त्यानंतर घराचीं दारें लोटलीं जात, खिडक्या मिटल्या जात, आणि येथूनच वाड्याचें काम सुरू होई.

वाड्याचें काम म्हणजे काय? जुन्या नाशकांतील वाडे दगडी जोत्यावर, सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर व विटामातीच्या रुंद भिंतींनीं उभारलेले. मधोमध चौक, भोंवतीं ओसरी, आणि रस्त्याकडे लहान खिडक्या. जाड भिंत तापावयास वेळ लागतो. दुपारचें ऊन तिच्या आंतल्या अंगास पोहोंचेपर्यंत संध्याकाळ उलटून जाते. इकडे चौकावर मोकळें आकाश असल्यामुळें रात्रींची जड, थंड हवा तेथें उतरून ओसरींत पसरते. पहाटे भरून घेतलेला हा गारवा दार लोटून कोंडून ठेवावयाचा, आणि दिवे लागण्याच्या सुमारास, बाहेरची हवा आंतल्याहून थंड झाली म्हणजेच दारें उघडावयाचीं, हा घरोघरींचा नियम होता. भर दुपारीं वारा यावा म्हणून खिडकी उघडणाऱ्या मुलास आजी रागें भरे, तें निष्कारण नव्हे. तो वारा आंत येतांना बाहेरील झळ घेऊनच येतो.

जें भिंतींचें तेंच पाण्याचें. नाशिकचा माठ मुंबईच्या माठापेक्षां अधिक गार पाणी देतो, त्याचें श्रेय कुंभाराइतकेंच हवेस आहे. कच्च्या मातीच्या भाजलेल्या भांड्यास असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून पाणी पाझरतें व बाहेरच्या अंगास त्याची वाफ होते. तीस अंशांचें एक ग्रॅम पाणी उकळीपर्यंत तापविण्यास ७० कॅलरी उष्णता पुरते. परंतु तेवढ्याच पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी लागतात. ही उष्णता माठांतील उरलेल्या पाण्यांतूनहि घेतली जाते. म्हणजे शंभरांतील दोन भाग पाणी उडून गेलें, तरी हिशेबानें बाकीचें पाणी दहा अंशांहून अधिक निवूं शकतें. प्रत्यक्षांत बाहेरून उष्णता येतच राहते, त्यामुळें पाणी याहून अधिक खर्चीं पडतें. दमट हवेंत वाफ मंदपणें होते, म्हणून तेथें माठाचा प्रभाव कमी. जुन्या माठाचीं छिद्रें क्षारांनीं बुजतात, म्हणून दर वर्षीं नवा माठ घ्यावा लागतो. पाण्यांत टाकलेली वाळ्याची जुडी सुवास देते. वाळ्याचा भिजविलेला पडदा दारास लावला, तर झळेची झुळूक होते. तत्त्व सर्वत्र एकच.

हा गारवा केवळ घरच्यांपुरता राखावा, असें मात्र त्या रीतींत नव्हतें. अक्षय्य तृतीयेस पाण्यानें भरलेला कुंभ दान करावा, असें शास्त्र सांगतें. रस्त्याच्या कडेस पाणपोई घालणें हें पुण्यकर्म मानलें गेलें. दारीं आलेल्यास आधीं गुळाचा खडा व पाणी, मग विचारपूस, हा क्रमहि उन्हानेंच शिकविलेला. कैरीचें पन्हें, ताक, सातूचें पीठ हे पदार्थ घामावाटे गेलेलें पाणी व मीठ भरून काढतात. त्यांची योग्यता आजचें वैद्यकहि मान्य करतें.

उन्हापासून केवळ बचावच करावयाचा, असेंहि नाहीं. तें कामासहि लावावयाचें. गव्हाच्या कुरडया, उडदाचे पापड, शेवया, सांडगे या साऱ्या वाळवणास कडक ऊन आणि कोरडी हवा दोन्ही लागतात. ऊन असून हवा दमट असेल, तर पापडास बुरशी येते. कुरडयांसाठीं गहूं तीन दिवस भिजवावयाचे, वाटून चीक काढावयाचा, आणि पहाटे चुलीवर तो शिजवून ऊन चढण्यापूर्वीं गच्चीवर कुरडया घालावयाच्या. गल्लींतील बायका एकमेकींकडे पाळीपाळीनें लाटावयास जात. आज एकीकडे, उद्यां दुसरीकडे, असा हा विनावेतन सहकार महिनाभर चाले व वर्षाची बेगमी होई. त्यांत कौतुक जितकें आहे तितकेच श्रमहि आहेत. घरांतील पुरुषमाणसें ओसरीवर निवांत असत, तेव्हां चुलीपुढील बाईचा उन्हाळा दुप्पट असे, हें विसरतां कामा नये.

सूर्य कलला कीं गांव पुन्हां नदीकडे वळे. नाशिकची संध्याकाळ गोदाघाटावरची. पोरें कुंडांत डुंबत, वृद्ध मंडळी पायऱ्यांवर बसत. याच काठावर, देव मामलेदार यशवंतराव महाराज पटांगणांत, मे महिन्यांत वसंत व्याख्यानमाला भरते. न्यायमूर्ति रानडे यांनीं पुण्यांत १८७५ सालीं सुरू केलेल्या उपक्रमाचें हें नाशिकचें रूप १९२२ पासूनचें आहे. दिवसभर बंद दारांआड राहिलेलें शहर रात्रीं नदीच्या वाऱ्यावर बसून विद्वानांचे विचार ऐकतें, यांत ऋतूची सोय आणि बुद्धीची भूक या दोहोंचा मेळ आहे. घरीं परतल्यावर गच्चीवर अंथरुणें पडत आणि पहाटे पायाशीं चादर ओढून घ्यावी लागे.

ही सर्व योजना दोन आधारांवर उभी होती: रात्र थंड असली पाहिजे आणि नदींत पाणी असलें पाहिजे. आज हे दोन्ही आधार खचत आहेत. विटामातीच्या जागीं आलेला सिमेंटचा पातळ स्लॅब दिवसभर तापतो व ती उष्णता सायंकाळीं खालच्या खोलींत सोडतो. पत्र्याच्या घराची गोष्ट तर बोलावयासच नको. डांबरी रस्ते आणि एकमेकांस खेटलेल्या इमारती रात्रीं आकाशास उष्णता मोकळेपणीं देऊं शकत नाहींत. हवा थंड करणारीं यंत्रें एका खोलींतील उष्णता उचलून गल्लींत टाकतात. ज्याच्या घरीं यंत्र आहे त्यास गारवा मिळतो, आणि ज्याच्या घरीं नाहीं त्याच्या वांट्यास शेजाऱ्याची झळ येते. पूर्वीं गारवा सामाईक होता. आतां तो विकत घ्यावा लागतो.

नदीचें तेंच. २०१६ च्या एप्रिलांत रामकुंड कोरडें पडलें आणि स्नानास येणाऱ्यांसाठीं टँकरनें पाणी आणून ओतावें लागलें. पात्रांतील कुंडांचे तळ काँक्रीटनें झांकले गेल्यामुळें खालचे झरे बुजले. ते मोकळे करावेत, अशी मागणी नागरिकांनीं वर्षानुवर्षें लावून धरली आहे. शहरास पाणी पुरविणारें, १९६५ सालीं पुरें झालेलें गंगापूर धरण पश्चिमेच्या डोंगरांतील पावसावर भरतें. नाशिक शहरांत वर्षाकांठीं ७०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. इगतपुरीच्या बाजूस तो ३,००० मिलिमीटरांच्याहि वर जातो. तरीहि त्याच पश्चिम पट्ट्यांतील त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा तालुक्यांच्या पाड्यांवरील स्त्रिया वैशाखांत खोल विहिरींच्या तळाशीं उतरून वाटीवाटीनें हंडा भरतात. उतारावरील पातळ माती व कठीण खडक पाणी धरून ठेवीत नाहींत आणि तें अडवून ठेवण्याची सोय तेथें अपुरी आहे. शहरांतल्या माठांतील पाणी ज्या डोंगरांनीं दिलें, तेथील घागर रिकामी राहते.

दुपारीं दार लोटून घेण्याची सोयहि सर्वांस नाहीं. बांधकामावरील मजूर, हमाल, भाजीवाली, घरोघर सामान पोहोंचविणारा तरुण यांची दुपार रस्त्यावरच जाते. उन्हांत काम करणाऱ्या माणसाचें बोलणें असंबद्ध होऊं लागलें, तोल जाऊं लागला किंवा अंग भट्टीसारखें तापलें, तर तो उष्माघात समजावा. त्यास तत्काळ सावलींत न्यावें, कपडे सैल करून सर्वांगावर पाणी शिंपडावें, वारा घालावा व विलंब न लावतां दवाखान्यांत पोहोंचवावें. शुद्ध नसेल तर तोंडांत पाणी घालूं नये. अहमदाबाद शहरानें २०१० च्या भीषण उन्हाळ्यांतून धडा घेऊन २०१३ सालीं उष्णतेशीं तोंड देण्याची नगरयोजना आखली. आगाऊ इशारे, दवाखान्यांची सिद्धता, पाण्याची सोय हीं तिचीं अंगें. पाहूं गेल्यास पाणपोई व दुपारची विश्रांति या जुन्या रीतींचेंच तें नगरपालिकेच्या पातळीवरील रूप आहे.

नाशिकला वाडे पुन्हां बांधतां येणार नाहींत. परंतु गच्चीस पांढरा चुना देतां येतो. दारापुढें कडुनिंब लावतां येतो. मजुरांच्या कामाची वेळ पहाटेकडे सरकवितां येते. कोपऱ्यावर सावली व पाणी ठेवतां येतें. आणि नदीचे झरे मोकळे ठेवतां येतात. पंधरा अंशांचें तें अंतर निसर्गानें या शहरास फुकट दिलें आहे. तें राखलें, तर वैशाखांतील दुपार कितीहि तापली तरी सुसह्य होईल. तें गमावलें, तर पहाटे पायाशीं ओढून घ्यावयाच्या चादरीबरोबर थंड नाशिक हा लौकिकहि जाईल, आणि त्याची झळ प्रथम लागेल ती पत्र्याखालीं निजणाऱ्यांस.