बुद्धिबळाचे जुने निकाल आणि त्यांचे वाद

कुस्तीचा निकाल शंभर माणसे डोळ्यांनी पाहतात. एकाची पाठ मातीला लागली की वाद संपला. (पुष्कळदा तिथूनच सुरू होतो, ही गोष्ट वेगळी.) बुद्धिबळाचे तसे नाही. दोघेजण चार-पाच तास मान खाली घालून बसतात, उठून जातात, आणि मागे उरतो एक कागद. पन्नास वर्षांनी कोणी विचारले, की बाबा, जिंकलं कोण आणि कितीने? तर साक्षीदार तो कागदच. म्हणून जुन्या स्पर्धांचे आकडे एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरे असे सापडतात. दर वेळी त्यात कोणाची लबाडी असते असे मात्र समजू नये. बहुधा मोजण्याची रीत वेगळी असते.

अगदी आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. २०२५ च्या जुलै महिन्यात जॉर्जिया देशातील बाटुमी शहरी महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एकीकडे नागपूरची दिव्या देशमुख, दुसरीकडे आंध्रची कोनेरू हंपी. मोठ्या वेळेचे दोन डाव झाले, दोन्ही बरोबरीत सुटले. मग २८ जुलैला थोड्या वेळेचे, म्हणजे जलद डाव झाले. पहिला बरोबरीत गेला, दुसरा दिव्याने जिंकला. आता लिहा बरे निकाल! कोणी लिहील, अडीच विरुद्ध दीड. कोणी लिहील, मुख्य सामना एक-एक, आणि जलद डावांत दीड विरुद्ध अर्धा. दोन्ही खरेच. आणि खेळाडूंच्या मानांकनाच्या वहीत पाहाल, तर तिथे मोठ्या डावांची बरोबरीच नोंदलेली राहते. जलद डावांचा हिशेब वेगळ्या खात्यात जातो. आज हे सारे आपल्याला ठाऊक आहे. शंभर वर्षांनी एखाद्याच्या हाती यातला एकच कागद लागला, तर तो दुसऱ्याला खोटे म्हणायला मोकळा!

अशी भांडणे जुनी आहेत. १८६७ साली युरोपात दोन मोठ्या स्पर्धा झाल्या, एक पॅरिसला आणि एक स्कॉटलंडातील डंडी येथे. पॅरिसला ठरले, की डाव बरोबरीत सुटला तर दोघांनाही शून्य. डंडीला ठरले, की दोघांना अर्धा-अर्धा गुण द्यायचा. साल एक, खेळ एक, बरोबरीची किंमत मात्र निराळी. पुढे अर्ध्या गुणाची रीत सगळीकडे रुजली. मग मागाहून कोणी पॅरिसचा तक्ता आजच्या रीतीने मांडला, की बेरजा बदलतात. पॅरिसला कोलिश हा पहिला आला. पण त्याचे गुण किती, असे विचारले तर आधी ‘कोणत्या हिशेबाने?’ हे विचारावे लागते. माझे मत असे, की जुना निकाल जुन्याच नियमाने सांगावा. ज्या नियमावर विसंबून खेळाडू खेळले, तो मागाहून बदलणे न्यायाचे नाही.

याहून अवघड प्रकरण बॉबी फिशरचे. १९६७ साली ट्युनिशियातील सूस येथे जगज्जेतेपदाच्या वाटेवरची एक स्पर्धा होती. फिशर दहा डाव खेळला. सात जिंकले, तीन बरोबरीत, हार एकही नाही. तो पुढे होता. मग आयोजकांशी बिनसले आणि गडी निघून गेला. निम्म्याहून कमी डाव खेळून स्पर्धा सोडली तर त्याचे निकाल अंतिम क्रमवारीत धरायचे नाहीत, असा नियम. त्यामुळे पहिला आला लार्सन, आणि फिशरचे साडेआठ गुण हिशेबातून पुसले गेले. डाव मात्र पुसले गेले नाहीत, ते आजही छापले जातात. ज्यांनी त्याच्याशी झुंजून बरोबरी साधली, त्यांचा अर्धा गुण गेला. जे हरले, त्यांची हार गेली. हरलेल्याचे फावले म्हणायचे! तरी नियम अन्यायाचा नाही. फिशर ज्यांच्याशी खेळलाच नाही, त्यांचाही विचार करायला हवाच की.

आपल्या देशात पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे झाली. महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांना विजेतेपद विभागून मिळाले. आपण मराठी माणसे अभिमानाने सप्र्यांचे नाव घेतो, ते योग्यच. पण पहिला राष्ट्रीय विजेता कोण, असे वर्गात विचारले तर उत्तरात दोन नावे यायला हवीत.

त्याही मागे जावे तर खेळच निराळा. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मारता येई. समोरच्याचा राजा एकटाच उरला की बुर्जी झाली म्हणत, आणि तिची किंमत पूर्ण मातीहून कमी. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजीत निघाले, तेव्हा त्यातला खेळ युरोपी पद्धतीला जुळवून घ्यावा लागला होता. तेव्हा आजोबा-पणजोबांनी अमक्याला हरवले असे कोणी सांगितले, तर आधी विचारावे, कोणत्या नियमांनी?

आता शिक्षकबंधूंसाठी दोन शब्द. मोठ्या वेळेच्या डावात दोन्ही खेळाडू चाली लिहितात, आणि शेवटी दोघांनी दोन्ही कागदांवर निकाल लिहून सही करायची असते. नियम कडक आहे: लिहिलेला निकाल चुकीचा असला, तरी पंचाने वेगळे ठरवले नाही तर तोच कायम! आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांत बहुधा जलद डाव असतात, चाली लिहिल्या जात नाहीत, हाती राहते ती निकालाची चिठ्ठी. सावंगी (मेघे)च्या शाळेतले एखादे पोर जिंकते, आनंदाच्या भरात नको तिथे सही ठोकते, आणि तक्त्यात हरलेले दिसते. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात ते कागदोपत्री नोंदीवरूनच. म्हणून सही करण्यापूर्वी मुलाला चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावा. आणि शाळेच्या दप्तरात नुसती बक्षिसांची यादी ठेवू नका. कोण कोणाशी खेळले, त्याचा पूर्ण तक्ता ठेवा. त्याखाली तारीख, पंचाची सही, बरोबरीला किती गुण धरले आणि समान गुण झाल्यावर क्रम कशाने लावला, एवढे शाईने लिहून ठेवा.