पावसाच्या देशात पाण्याचं बिल

मुलांनो, पाण्यावरून भांडण कुठे होतं? तुम्ही चटकन म्हणाल, "जिथे पाणी कमी, तिथे." बरोबर आहे. पण आज मी तुम्हांला अशा एका देशातलं भांडण सांगणार आहे, जिथे पाणी नुसतं आकाशातून कोसळत असतं. हा देश म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला असलेलं आयर्लंड. त्याच्या पश्चिम भागात वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो. तरीही २०१४ साली तिथे पाण्यावरून असा गदारोळ झाला, की लाखाहून अधिक माणसं रस्त्यावर उतरली.

भांडण पाण्यासाठी नव्हतं बरं का! ते होतं पाण्याच्या बिलासाठी.

आपल्याकडे नगरपालिका किंवा ग्रामपंचायत पाणीपट्टी घेते. आयर्लंडमधल्या बहुतेक घरांना मात्र पाण्याचं वेगळं बिल येतच नसे. १९७८ साली तिथली घरपट्टी रद्द झाली आणि पाण्याचा खर्च सरकार इतर करांतून भागवू लागलं. पुढे काही गावांनी पाणीपट्टी सुरू केली. तेव्हा राजधानी डब्लिनमध्ये लोकांनी जोरदार विरोध केला आणि १९९७ सालापासून तीही बंद झाली. खेड्यापाड्यांतले काही लोक मात्र एकत्र येऊन स्वतःची पाणी योजना चालवत आणि तिचे पैसेही भरत. त्यांना शहरवाल्यांचं हे 'फुकट' पाणी नेहमीच खटकायचं.

मग २०१४ मध्ये बिल का आलं? त्याचं मूळ आहे २००८ सालच्या आर्थिक संकटात. आयर्लंडच्या बँका बुडायला आल्या आणि त्यांना सावरताना सरकारची तिजोरी रिकामी झाली. २०१० साली देशाला युरोपीय संघाकडून आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मोठं कर्ज घ्यावं लागलं. कर्ज देणारा अटी घालतोच. त्यांतली एक अट होती, घरोघरी पाणीपट्टी सुरू करण्याची.

सरकारने 'आयरिश वॉटर' नावाची कंपनी काढली. घरांसमोरचे पदपथ खणून मीटर बसवायला सुरुवात झाली. १ ऑक्टोबर २०१४ पासून आकारणी सुरू झाली. दर ठरला हजार लिटरला ४.८८ युरो. त्यात पाणी आणण्याचा आणि सांडपाणी नेण्याचा असा दोन्ही खर्च होता. दर घराला वर्षाला ३० हजार लिटर आणि प्रत्येक मुलामागे आणखी २१ हजार लिटर पाणी मोफत.

आता थोडं गणित करू या. समजा, एका घरात आई-वडील आणि आजी राहतात. लहान मूल नाही. वर्षाला १ लाख लिटर पाणी लागतं. त्यातले ३० हजार वजा केले, उरले ७० हजार. सत्तर गुणिले ४.८८ म्हणजे जवळजवळ ३४२ युरो. त्या वेळी एक युरो साधारण ७५ ते ८० रुपयांना होता. म्हणजे झाले सुमारे २६ हजार रुपये!

पण लोक केवळ आकडा पाहून चिडले का? नाही. रागाची कारणं नीट पाहा.

पहिलं कारण म्हणजे लोक आधीच पिचले होते. पगार कापले गेले होते. २०१२ मध्ये काम करू शकणाऱ्या दर सात माणसांतला साधारण एक बेकार होता. २०१३ मध्ये घरांवर नवा कर आला आणि पाठोपाठ हे बिल. लोक म्हणू लागले, "बँका बुडवल्या कुणी आणि भरायचं कुणी? शिवाय पाण्याचे पैसे आम्ही करांतून देतोच की! एकाच वस्तूची किंमत दोनदा का?"

दुसरं कारण, नव्या कंपनीने सल्लागारांवरच सुमारे ५ कोटी युरो खर्च केल्याची बातमी आली. तिकडे जमिनीखालच्या जुनाट जलवाहिन्यांतून जवळजवळ निम्मं पाणी वाटेतच गळून जात होतं. काही भागांत तर पाणी उकळूनच प्यावं लागे. गॉलवे शहरात २००७ साली पाण्यात रोगजंतू सापडले, तेव्हा लोकांना कित्येक महिने नळाचं पाणी उकळावं लागलं होतं. "आधी नळ दुरुस्त करा, मग बिल पाठवा," असं कुणी म्हटलं तर त्यात चूक काय?

१ नोव्हेंबर २०१४ रोजी गावोगावी मोर्चे निघाले. त्यांत आजीआजोबा होते, कडेवर पोरं घेतलेल्या आया होत्या. कुठे मीटर बसवणाऱ्यांची वाट लोकांनी अडवली. जॉब्सटाउन या वस्तीत तर उपपंतप्रधान जोन बर्टन यांची गाडी दोनेक तास अडकून पडली. आपला राग दाखवावा, पण दुसऱ्याला असं कोंडून धरणं योग्य का, यावर तिथेही खूप वाद झाला.

सरकार नमलं. एकट्या माणसाच्या घराला वर्षाला जास्तीत जास्त १६० युरो आणि इतरांना २६० युरो, अशी मर्यादा घातली. शिवाय नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक घराला १०० युरो अनुदान. गंमत अशी, की बिल न भरणाऱ्यालाही ते मिळे! मग २०१५ साली पहिली बिलं आली, तेव्हा निम्म्याहून कमी घरांनी पैसे भरले.

२०१६ च्या निवडणुकीत सरकारमधल्या दोन्ही पक्षांना मोठा फटका बसला. बर्टन यांच्या मजूर पक्षाचे २०११ मध्ये ३७ जण निवडून आले होते, आता फक्त ७ आले. पाणीपट्टी स्थगित झाली. २०१७ साली कायदाच बदलला आणि ज्यांनी पैसे भरले होते त्यांना ते परत देण्यात आले.

झालं, लोक जिंकले. गोष्ट संपली?

नाही मुलांनो, इथेच खरा विचार करायचा आहे. बिल गेलं, पण खर्च गेला नाही. नदीचं पाणी गाळायचं, शुद्ध करायचं, पंपाने चढवायचं, फुटलेले नळ बदलायचे, सांडपाणी स्वच्छ करायचं, याला पैसा लागतोच. तो आता पुन्हा सरकारी करांतून जातो. म्हणजे बेताने पाणी वापरणारा आणि नळ सोडून ठेवणारा, दोघे सारखेच! आणि लोकांना नकोसे झालेले ते मीटर? ते आठ लाखांहून जास्त बसले होते. त्यांनी एक उपयोगाची गोष्ट दाखवून दिली. काही थोड्या घरांच्या अंगणाखाली नळ फुटलेले होते आणि तिथून ढीगभर पाणी वाया जात होतं. घरवाल्यांना त्याचा पत्ताच नव्हता!

तेव्हा पाणीपट्टी चांगली की वाईट, असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. पण एक गोष्ट या भांडणातून स्पष्ट दिसते. लोकांकडून पैसे मागायचे, तर आधी त्यांचा विश्वास मिळवावा लागतो. पैसा कुठे जातो ते दाखवावं लागतं, गरिबाला झेपेल असा दर ठेवावा लागतो. विश्वास नसेल, तर योग्य मागणीसुद्धा जुलूम वाटते.

आता तुमचं काम. घरी पाणीपट्टीचा कागद असेल तर आईबाबांकडून मागून घ्या. त्यावर किती पाणी आणि किती रुपये लिहिलेत ते वाचा. दर समजला नाही तर विचारा, कारण पैसे भरणाऱ्याला तो विचारण्याचा हक्क आहे. आणि घरात एखादा नळ ठिबकत असेल, तर त्याखाली दहा मिनिटं वाटी ठेवा. जमलेलं पाणी मोजा आणि त्याला १४४ ने गुणा. एका दिवसाचा हिशेब मिळेल. तो बाबांना दाखवा. बघू, नळ दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात ते!