मातीतून पिंजऱ्याकडे – भाग ६ : खाली गेल्यावर काय?

मागच्या भागात पट काढण्याबद्दल लिहिलं. पट बसला, समोरचा खाली आला. खरी गोची इथून पुढे आहे, आणि जाफराबाद-भोकरदन पट्ट्यातल्या तालमीत तयार झालेल्या पोराची तर जास्तच.

मातीतल्या कुस्तीत खाली आलेल्या पैलवानाला एकच धडा घोटवलेला असतो : पालथा राहा. पाठ टेकली की खेळ खलास, त्यामुळे पोट मातीला चिकटवायचं, कोपरं बरगड्यांशी ओढायची, मान आखडायची. वरचा कब्जा घेतो, घिस्सा ओढायला बघतो, मानेवर गुडघा रोवून घुटन्यावर फिरवू पाहतो, एकलंगीसाठी पाय शोधतो. खालचा हलत नाही. १९१० साली लंडनमध्ये पोलंडचा मल्ल झिबिस्को आपल्या गामा पैलवानासमोर असाच पालथा पडून राहिला, तो जवळपास अडीच तास! कुस्ती बरोबरीत सुटली. पुन्हा ठरलेल्या लढतीला झिबिस्को आलाच नाही, म्हणून पट्टा गामाला मिळाला. पण पालथं पडून जगज्जेत्या ताकदीचा मल्लही थोपवता येतो, हे त्या दिवशी दिसलं. मॅटवर एवढी मुभा नाही. खाली काही घडेना झालं की पंच दोघांना उभं करतो. तरी भीती तीच : पाठ मॅटकडे वळली की दोन गुण गेले, दोन्ही खांदे दाबले गेले की निकाल.

मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमएच्या पिंजऱ्यात हा धडा साफ उलटा पडतो. इथे पाठ टेकल्याने कुणी हरत नाही. उलट, पाठीवर पडलेला माणूस दोन्ही पायांत वरच्याला धरून लढू शकतो. १९९३ साली डेन्व्हरला पहिली यूएफसी स्पर्धा झाली, तेव्हा रॉयस ग्रेसी या सडपातळ ब्राझिलियनाने जमिनीवरच्या या विद्येच्या जोरावर विजेतेपद नेलं, तेव्हापासून जगाला ती उमगली. आणि सगळ्यात वाईट जागा कोणती? पालथं पडणं. वरचा पाठीवर स्वार होतो, दोन्ही टाचा मांड्यांत अडकवतो आणि हात गळ्याखाली सरकवतो. कुस्तीत गळा आवळणं नियमात बसत नाही, म्हणून आपल्या पोराची मान त्या बाबतीत निर्धास्त असते. पट काढताना खाली गेलेलं डोकंही तसंच.

आपल्याकडचं ठळक उदाहरण भरत खंडारेचं. कुस्तीतून आलेला हा लढवय्या नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला. समोर चीनचा साँग यादोंग. पहिल्याच फेरीत भरतच्या मानेला गिलोटिन, म्हणजे समोरून काखेत मान धरून आवळण्याचा डाव, बसला आणि लढत संपली. एका लढतीवरून माणसाची पारख करू नये. पण कुस्तीतून येणाऱ्याने मानेचा अभ्यास पहिल्या दिवसापासून करावा, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

आता सुटका. समोरचा छातीवर मांड ठोकून बसला असेल, तर त्याचा एक हात मनगट आणि कोपर धरून आपल्या छातीशी बांधा. त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पावलाने बाहेरून अडकवा. मग टाचा ढुंगणाजवळ ओढून ब्रिज मारा, पण सरळ वर नको; बांधलेल्या बाजूच्या खांद्यावरून तिरका. टेकायला त्याच्याकडे हात नाही, पायही नाही, तो उलटतो. आपल्या मल्लांचा ब्रिज मुळातच दणकट, त्यामुळे हा डाव त्यांना लवकर बसतो.

तो आडवा छातीवर पडला असेल तर ताकद फुकट जाते. एक मनगट त्याच्या कमरेशी आडवं लावा, दुसरं त्याच्या गळ्याशी, आणि त्याला ढकलण्याऐवजी स्वतःची कंबर मागे सरकवा. फट पडली की गुडघा आत घाला. हे सरकणं रोज तालमीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण जमिनीवरचा निम्मा बचाव यावरच उभा आहे.

पाठीवर स्वार झालेल्यापासून सुटणं पैलवानाला सर्वांत जड जातं, कारण त्यासाठी स्वतःहून पाठ टेकवावी लागते. हनुवटी खाली, दोन्ही हात आवळणाऱ्या हाताच्या मनगटावर. मग गळ्याकडे येणाऱ्या हाताच्या उलट बाजूला, म्हणजे त्याचा दुसरा हात आपल्या काखेखालून आलेला असतो त्या अंगाला, घसरत खांदे जमिनीला लावायचे आणि कंबर त्याच्या पायांतून बाहेर काढायची. जन्मभर ज्याची लाज बाळगली तेच करायचं! डोक्याला पटतं, अंगाला पटायला महिने लागतात.

मी तरी पोरांना कुस्ती सोडून हे शिका असं सांगणार नाही. २०१८ साली महाराष्ट्र केसरी जालन्यात भरली आणि आपल्या शिवेला लागलेल्या बुलढाण्याकडून खेळणाऱ्या बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवून गदा नेली. मातीची ती वाट अजून मोकळी आहे. पण दोन्ही करायचं असेल तर सराव वेगवेगळ्या दिवशी ठेवा, अंग गोंधळतं.

आणि शेवटी एक विनंती. मोबाइलवर पाहून कुणाचा गळा आवळू नका. जाणता वस्ताद समोर असेल तरच. जोडीदाराने हाताने थाप मारली की तत्क्षणी सोडायचं. पुढच्या आठवड्यात गळ्याचे डाव आणि त्यांचा बचाव पाहू.