गॅसचा नंबर शेवटी

"दादा, गॅस संपलाय बहुतेक. येताना भरायचं सामान घेऊनच या."

होळी झाली की ठाण्यात एसीची कामं करणाऱ्या मेकॅनिकचा फोन असा वाजायला लागतो. थंडीभर बंद असलेला एसी पहिल्या उकाड्यात चालू होतो, पूर्वीसारखं गार वाटत नाही, आणि घरातल्या सगळ्यांचं निदान एकच ठरतं: गॅस. ज्या मेकॅनिकबरोबर मी या हंगामात घोडबंदर रोडपासून नौपाड्यापर्यंत घरोघर फिरले, ते फोनवर वाद घालत नाहीत. "येतो, बघतो," एवढंच म्हणतात. पण गॅसचं प्रेशर मोजणारे गेज त्यांच्या बॅगेत सगळ्यात खाली असतात. वर हाताशी ब्रश, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, क्लॅम्प मीटर. सामान कामाच्या क्रमानेच भरलेलं. आधी धूळ, मग पाणी, मग वीज. गॅसचा नंबर शेवटी.

आयटीआयमधला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड त्यांनी केलाय. तिथे शिकलेली एक गोष्ट ते घरोघरी न कंटाळता सांगतात. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा संपत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच तो गॅस फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये खोलीतली उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये सोडतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून पुन्हा फेरीला लावतो. नळी शाबूत असेल तर दहा वर्षांनीही तो तेवढाच. कमी झाला असेल तर कुठून तरी गळलाय, आणि ती जागा बंद केल्याशिवाय नवा भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीत, सातव्या मजल्यावर, संशय असाच गॅसवर होता. खोली थंड होत नाही अशी तक्रार. मेकॅनिकनी एसी चालू केला आणि आधी हात धरला तो थेट जाळीपाशी, जिथून हवा बाहेर पडते. मग दोन पावलं मागे येऊन पलंगापाशी धरला. मलाही तसंच करायला लावलं. जाळीपाशी हवा चांगली गार होती, पलंगापाशी तिचा मागमूस नव्हता. "हवा गार आहे म्हणजे गॅस आहे. ती पुढे ढकलली जात नाहीये," ते म्हणाले. एसी बिघडला की सगळेच जण रिमोटवरचे आकडे बघत बसतात. ही हाताची परीक्षा कुणालाही जमेल, आणि ती आधी केली तर निम्म्या घरांतला गॅसचा विषय तिथेच मिटेल.

पुढचं झाकण वर उचलून त्यांनी दोन्ही फिल्टर बाहेर ओढले. मेट्रोच्या कामामुळे या रस्त्याला वर्षानुवर्षं धूळ आहे. फिल्टरवर तिचा करडा थर इतका दाट बसला होता की बोटाने सोलल्यावर तो अखंड सुटून आला.

"मी धुते ना, दिवाळीच्या साफसफाईत," घरातल्या काकू म्हणाल्या.

"दिवाळीला नाही काकू, सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी. नळाखाली धरायचा, पण उलट्या बाजूने. समोरून पाणी मारलं तर धूळ जाळीत आणखी घट्ट बसते. गरम पाणी नको, उन्हात ठेवायचं नाही, प्लॅस्टिक वाकडं होतं. आणि ओला फिल्टर परत बसवायचा नाही."

फिल्टर धुणं घरच्यांचं काम, त्याला मेकॅनिक लागत नाही. पण फिल्टरच्या मागे अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची कॉइल असते आणि तिच्याही मागे, खालच्या अंगाला, लांबट पिंपासारखा ब्लोअर. त्याच्या शेकडो बारीक पात्यांवर ओलसर काळा थर बसतो. मेकॅनिकनी मोबाइलचा टॉर्च आत धरून मला तो दाखवला. पात्यांची खोलगट बाजू भरून गेली होती, हवा उचलायला जागाच उरली नव्हती. एसी लावला की येणारा कुबट वास इथूनच येतो. बंद करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसत्या फॅन मोडवर ठेवला तर आतली ओल सुकते आणि बुरशी कमी धरते. बऱ्याच नव्या एसींमध्ये ही सोय आपोआप असते, पण भिंतीवरचं बटण लगेच बंद केलं तर तिचा उपयोग शून्य.

मग मेन स्विच बंद झाला. सर्किट बोर्ड असलेली उजवी बाजू प्लॅस्टिकने गुंडाळली, युनिटखाली कव्हर बांधून त्याची सोंड बादलीत सोडली, आणि छोट्या जेट पंपाची धार सुरू झाली. धार कॉइलच्या पट्ट्यांना समांतर, वरून खाली. तिरकी मारली तर पट्ट्या मुडपतात आणि हवेची वाट बंद होते. घाईत सर्व्हिसिंग करणारे नेमकं हेच करतात. एरवी हातात हत्यार असताना न बोलणारे मेकॅनिक या मुद्द्यावर थांबून बोलले. ब्लोअरवर धार पडली तसं बादलीत पाणी आलं ते काळंकुट्ट, वर तरंगणाऱ्या चिंध्यांसकट. पाणी स्वच्छ येईपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. नंतर थर्मामीटरने मोजलं तर खोलीत ३० अंश आणि जाळीपाशी १८. आठ ते बारा अंशांचा फरक म्हणजे मशीन ठीक. हवा आता पलंगापर्यंत येत होती. गेज बॅगेतून बाहेर निघालेच नाहीत. ते उगाच लावायचेही नसतात, कारण लावता-काढताना दरवेळी थोडा गॅस सुटतोच.

चहा घेताना काकूंनी विचारलं, १६ वर लावला की खोली लवकर गार होते ना? नाही होत. १६ लावा की २४, सुरुवातीला कॉम्प्रेसर तेवढाच जोर लावतो. १६ वर तो थांबण्याचं नाव घेत नाही, एवढाच फरक. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी चालू केल्यावर आपोआप २४ अंशांवर सुरू होतात. एकेक अंश वर गेल्यावर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतो. २६ वर ठेवून छताचा पंखा हळू लावला तर ठाण्यातल्या बहुतेक रात्री सुखात जातात. मी स्वतः असंच झोपते.

नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत तक्रार पाण्याची होती. आतल्या युनिटमधून भिंतीवर ओघळ आले होते आणि आजोबांना वाटत होतं, गॅसचंच पाणी होऊन गळतंय. ते पाणी असतं खोलीतल्या हवेचं. थंड कॉइलला हवा लागली की तिच्यातलं बाष्प तिथे जमतं. हवेतला दमटपणा आटोक्यात ठेवण्यासाठीच अमेरिकन इंजिनिअर विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी आपलं यंत्र आखलं होतं. दमटपणाने कागद फुगायचा, आकसायचा आणि रंगांची छपाई जुळायची नाही. खाडीकाठच्या ठाण्यात दमट दिवशी दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. ते ट्रेमधून ड्रेन पाइपने बाहेर जातं, आणि पाइपात शेवाळाचा लिबलिबीत गोळा अडकला की घरात उतरतं. मेकॅनिकनी पाइप फुंकून मोकळा केला, मग मगभर पाणी ट्रेमध्ये ओतून मला बाल्कनीत पाठवलं. बाहेर पाणी येतंय का ते बघताना कळलं, पाइपाचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडालेलं होतं. तोंड बुडलं की आतली हवा कोंडते आणि पाणी मागे सरतं. पाइपाला सरळ उतार आणि मोकळं तोंड, एवढंच त्याला हवं. आजोबा ते पाणी साठवून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालत. तेवढं मात्र करू नका. दिसायला ते नितळ असलं तरी डिस्टिल्ड वॉटर नव्हे. कॉइलवरची धूळ, बुरशी आणि धातूचा अंश त्यात येतो आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. फरशी पुसायला ते उत्तम.

विजेचे बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतात, पण तेही गॅसच्या नावावर खपतात. बाहेरच्या युनिटचा पंखा नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही, तेव्हा फुगलेला कॅपॅसिटर बदलला की काम होतं. सर्किट बोर्डावर चिकटून मेलेली पाल मी दोन घरांत पाहिली. एका घरात दीड टनाचा एसी साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालत होता, प्लगची पिन तपकिरी पडली होती आणि भोवतीचं प्लॅस्टिक वितळायला लागलं होतं. मेकॅनिकनी तो चालू करायला सरळ नकार दिला. एसीला स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचं सॉकेट आणि अर्थिंग हवंच. प्लग हाताला गरम लागला तर एसी लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

गेज बाहेर निघाले ते एका चार मजली सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. या घरात दरवर्षी गॅस भरला जात होता. धूळ, पाणी, वीज सगळं बघून झालं, फिल्टर स्वच्छ होता. मग त्यांनी कॉइलकडे बोट दाखवलं. गॅस जिथून आत येतो तिथल्या चार-पाच बोटांवर पांढरं दव गोठलेलं, पुढची सगळी कॉइल कोरडी. नळीवर बर्फ दिसला की लोक खूश होतात, पण ती आजाराची खूण आहे. हवा अडली असेल किंवा गॅस कमी असेल. असा बर्फ दिसला तर सुरी घेऊन खरवडू नका, नळीला भोक पडेल. फॅन मोडवर ठेवून तो वितळू द्या.

खिडकीबाहेरच्या युनिटवर, तांब्याची नळी जिथे पितळी नटाने जोडली जाते तिथे, तेलकट काळा डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं फिरत असतं. गळतीच्या जागी ते पाझरतं आणि त्यावर धूळ बसते. साबणाचा फेस लावल्यावर नटाच्या एका कडेला बारीक बुडबुडे एकामागून एक फुगू लागले. मागच्या प्रत्येक उन्हाळ्यातला गॅस इथूनच गेला होता. एसीत आर-३२ हा गॅस होता. त्याचा एक किलो हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो, आणि तो थोडाफार ज्वलनशीलही आहे.

मग आधीच्या कुणी हा नट का दुरुस्त केला नाही? उत्तर खिडकीतून खाली बघितल्यावर मिळालं. युनिट बाहेरच्या भिंतीवर लोखंडी ब्रॅकेटवर टांगलेलं, ब्रॅकेटला गंज, खाली छज्जा नाही, पाय टेकायला काही नाही. खिडकीतून एक हात बाहेर काढून गेजची नळी जोडता येते आणि गॅस भरता येतो. पण नळीचं तोंड कापून, कडा साफ करून, फ्लेअर म्हणजे नटात बसणारं फुलवलेलं तोंड नव्याने काढून नट आवळायला दोन्ही हात लागतात आणि माणसाला उभं राहायला जागा लागते. म्हणून दरवर्षी सोपं तेवढंच होत राहिलं.

आमच्या मेकॅनिकनी गच्चीवरच्या खांबाला दोर बांधला, अंगावर सेफ्टी बेल्ट चढवला आणि वर हेल्परला उभं केलं. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेतला. जोड नव्याने केल्यावर नळीत नायट्रोजन भरला आणि गेजचा काटा हलत नाही ना हे बघत अर्धा तास थांबले. इथे नायट्रोजनच वापरायचा. ऑक्सिजन चालत नाही, तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल ओढून घेतली. ही पायरी गाळली की कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी झालंच म्हणून समजा. शेवटी सिलिंडर डिजिटल काट्यावर ठेवून, बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेत तेवढेच ग्रॅम मोजून गॅस सोडला. घरमालकांना बिल नेहमीपेक्षा जास्त वाटलं. दरवर्षी भरलेल्या गॅसच्या पैशांची बेरीज कुणी केली नव्हती.

नवीन एसी घेणार असाल तर बाहेरचं युनिट बाल्कनीत, गच्चीत किंवा रुंद छज्ज्यावर बसवा, माणसाला दोन्ही पायांवर उभं राहून काम करता येईल अशा जागी. त्यासाठी तांब्याची नळी चार फूट जास्त लागली तरी लागू द्या. आधीच भिंतीवर टांगलेलं असेल तर ब्रॅकेटचा गंज दरवर्षी तपासून घ्या. मेकॅनिक बेल्ट आणि दुसऱ्या माणसाचे वेगळे पैसे मागत असेल तर घासाघीस करू नका, आणि बेल्टशिवाय कुणी खिडकीबाहेर पाय टाकत असेल तर त्याला थांबवा. आणि गॅस भरून घ्यावाच लागला तर बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: गळती कुठे होती, कोणता गॅस भरला, किती ग्रॅम भरला.