तलावावरची ती पाटी

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की पोहण्याच्या तलावांवर मुलांची झुंबड उडते. नाव घालायला गेलं, की पावती, डॉक्टरांचा दाखला आणि टोपी यांच्याबरोबरच पुष्कळ ठिकाणी एक पाटीही वाचायला मिळते : 'आत मोबाइल वापरण्यास व छायाचित्रे काढण्यास मनाई आहे.' ती वाचली, की आपल्या कपाळाला आठी पडते. माझ्याच लेकाने मारलेला पहिला सूर, आणि मी त्याचा फोटो काढायचा नाही? हा कुठला न्याय?

मैत्रिणींनो, राग जरा बाजूला ठेवून विचार करू या. लेक आपला असला, तरी तलाव सगळ्यांचा असतो, आणि फोटोत एकटा लेक कधीच येत नाही.

आमच्या गावच्या तलावावर दुपारी बायकांची वेळ असते. चाळिशीच्या एक बाई तिथे कमरेला ट्यूब बांधून हातपाय मारायला शिकत होत्या. गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनीच पोहायला सांगितलं होतं. एका आईने आपल्या मुलीचा व्हिडिओ काढला आणि हौसेने स्टेटसला ठेवला. मागे या बाई स्पष्ट दिसत होत्या. संध्याकाळपर्यंत तो त्यांच्या दिरांनी पाहिला. घरात कुणी मोठ्याने बोललं नाही हो. पण दुसऱ्या दिवसापासून त्या यायच्या बंद झाल्या. फी गेली ती गेलीच, गुडघाही दुखतोच आहे.

यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. म्हणूनच पाटी हवी. ती जशी चोरट्यासाठी असते, तशी हौशी माणसासाठीही असते.

चोरट्यासाठी कायदा आहे. कपडे बदलताना किंवा न्हाणीघरात बाईला चोरून पाहणं, तिचे फोटो काढणं हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये येतो. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं आणि पुन्हा केल्यास ३ ते ७ वर्षं कैद, शिवाय दंड. असा खासगी फोटो तुमच्या संमतीने काढलेला असला, तरी तुम्हाला नको असताना तो इतरांना दाखवणं हाही गुन्हाच.

पण खरी गोम पुढेच आहे. काठावरून सर्वांना दिसेल असं पोहणाऱ्या बाईचा फोटो या कलमात सहजी बसत नाही. स्वतःच्या घरासमोर उभ्या असलेल्या बाईचे फोटो काढणं या गुन्ह्यात मोडत नाही, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. म्हणजे कायद्याचा हात जिथे पोचत नाही, तिथे ती साधी पत्र्याची पाटीच आपल्या उपयोगी पडते!

म्हणून नाव घालतानाच चार गोष्टी पाहून घ्या.

पाटी आहे का? नसेल, तर चारचौघींनी मिळून व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या. मोबाइल ठेवायला कुलपाचं कपाट मागा.

नियम शिकवणाऱ्यांना आणि पहारेकऱ्यांनाही लागू आहे ना, ते विचारा. सुरक्षेच्या कॅमेऱ्याचं तोंड कपडे बदलण्याच्या खोलीकडे नाही ना, हेही बघा.

कुणी फोटो काढताना दिसलं, तर फोन हिसकावायला जाऊ नका. व्यवस्थापकांना बोलवा, वेळ आणि जागा लिहून ठेवा. कपडे बदलण्याच्या खोलीतला प्रकार असेल, तर सरळ ११२ फिरवा. मुलांच्या बाबतीत १०९८ वरही मदत मिळते.

आणि लेकाच्या फोटोची हौस? ती पुरवा की! दाराबाहेर आल्यावर, ओले केस, खांद्यावर पंचा आणि हातात भज्यांचा पुडा, असा काढा. स्पर्धेच्या दिवशी काढायचा असेल, तर संयोजकांना आधी विचारा.

एक मात्र सांगते. काठावरच्या बाकावर पर्सा सांभाळत बसलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणींना पाण्यात उतरायचं असतं. 'कुणी पाहिलं तर?' एवढ्यासाठीच पाऊल अडतं. ती पाटी नीट पाळली गेली, तर येत्या उन्हाळ्यात त्यातल्या दोघी-चौघी तरी पाण्यात उतरतील. तुम्हीही त्यांत असाल, बरं का!