वैशाखांतील परसबाग

अक्षय्यतृतीया उलटली कीं देशावर, म्हणजे पुणें, सातारा, सोलापूर या बाजूस, दुपारीं परसांत पाय ठेववत नाहीं. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेल्या अळवाचीं पानें कडेनें करपतात, जास्वंदीच्या कळ्या उमलण्यापूर्वींच गळून पडतात, वांग्याचीं पानें अगोदर भुरकट आणि मग तांबूस होतात, आणि घरांतील वडील माणूस सुस्कारा टाकून म्हणतें, "उन्हानें बाग जाळली." हें वाक्य दरसाल घरोघर ऐकूं येतें. त्यांत सत्य आहे. पण तें अर्धेंच आहे. उन्हानें प्रत्यक्ष जेवढें जळतें, त्याहून अधिक नासधूस उन्हाळ्यांत ज्यांचें फावतें असे क्षुद्र जीव करतात. आणि उरलेली बरीचशी आपण स्वतः, घाबरून जाऊन, करतों. या तिघांचे हिशेब वेगवेगळे कसे मांडावे, एवढेंच आजच्या भाषणांत सांगावयाचें आहे.

प्रथम उन्हाचा हिशेब पाहूं. एप्रिलमध्यें पुण्यास दुपारचें सरासरी उष्णतामान ३८ अंश सेंटिग्रेडच्या आसपास असतें. मे महिन्यांत नागपूर-चंद्रपुराकडे तें ४२-४३ अंशांपर्यंत चढतें. पण झाडाच्या दृष्टीनें या आंकड्यांहून अधिक महत्त्व हवेच्या कोरडेपणाला आहे. देशावर दुपारच्या वेळीं हवेची सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. अशी हवा पानांतून पाणी इतक्या त्वरेनें ओढून घेते कीं मुळांना तें तितक्या त्वरेनें पुरवितां येत नाहीं. भोपळ्याचीं मोठमोठीं पानें बारानंतर मान टाकतात तीं यामुळें. मातींत पुरेशी ओल असली तरी तीं मान टाकतात, आणि सूर्य कलला कीं आपलीं आपण सांवरतात. तेव्हां झाडाची तहान दुपारीं पाहूं नये, सकाळीं पाहावी. सूर्योदयाच्या वेळींही जें पान मलूल दिसेल तें खरोखर तहानलेलें. दुपारचें दृश्य पाहून जो बादली घेऊन धांवतो, तो कुंडींतल्या मुळांभोंवतालची हवा पाण्यानें हांकून देतो. आणि हवेवांचून मुळें कुजूं लागलीं कीं पान पुन्हां मलूल होतें, म्हणून पुन्हां बादली येते. उन्हाळ्यांत कुंड्यांतील झाडें मरतात त्यांतील कित्येक तहानेनें नव्हे, बुडून मरतात.

उन्हाचा दुसरा परिणाम इतका उघड दिसत नाहीं. "फुलें येतात, पण फळ धरत नाहीं," ही तक्रार या दिवसांत फार. टोमॅटोचेंच घ्या. दिवसाचें उष्णतामान ३५ अंशांच्या वर गेलें आणि रात्रही उबदार राहिली, म्हणजे त्याचे परागकण निकामी होतात आणि फूल देठाशीं गळतें. त्याला खत घालून उपयोग नाहीं. वाट पाहणें एवढेंच हातीं असतें. वेलांची गोष्ट निराळी आहे. काकडी, दोडका, भोपळा यांच्या एकाच वेलावर नरफुलें आणि मादीफुलें वेगवेगळीं येतात, आणि लांब, तप्त दिवसांत नरफुलांची संख्या वाढते. मादीफुलाच्या तळाशीं इवलेंसें फळ घडलेलेंच असतें, त्यावरून तें ओळखावें. कडक उन्हांत मधमाशांची ये-जा मंदावते. अशा वेळीं नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलाच्या कुक्षीवर हलकेच टेकविले तर फळ धरतें. फक्त वेळ चुकूं नये. घोसाळ्याचें फूल सकाळीं उमलतें आणि त्याच्या सख्ख्या भावाचें, दोडक्याचें, संध्याकाळीं. दुधी भोपळ्याचीं पांढरीं फुलें तर दिवेलागणीला उघडतात आणि त्यांची मदार निशाचर पतंगांवर असते. सकाळीं नऊ वाजतां दोडक्यापाशीं उभें राहून निसर्गाला दोष देणारे सद्गृहस्थ मीं पाहिले आहेत.

आतां त्या क्षुद्र जीवांकडे वळूं. आपल्या शरीराची ऊब आंतून येते आणि थंडी असो, ऊन असो, ती बहुतेक सारखी राहते. कीटक आणि त्यांचे भाऊबंद यांचें तसें नाहीं. त्यांना ऊब बाहेरून घ्यावी लागते, आणि जितकी ऊब अधिक तितका त्यांचा जीवनक्रम, एका मर्यादेपर्यंत, वेगानें धांवतो. वांगें, भेंडी, गुलाब यांच्या पानांखालीं राहणारा लाल कोळी हें याचें उत्तम उदाहरण. हा खरें पाहतां कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळ्यांच्या कुळांतला. आकार मोहरीच्या दाण्याहूनही पुष्कळ लहान. वीस अंशांच्या हवेंत अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास त्याला दोन-अडीच आठवडे लागतात. तीस अंशांत सुमारें एकच आठवडा पुरतो. एक मादी आपल्या आयुष्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालते. म्हणजे चैत्र-वैशाखाच्या साठ दिवसांत त्याच्या पांच-सहा पिढ्या सहज होतात. पानाच्या पेशींत सोंड खुपसून तो रस शोषतो. जेथें जेथें शोषतो तेथें एक फिकट ठिपका उरतो, आणि हजारों ठिपक्यांचें पान भुरकट दिसूं लागतें. त्यालाच आपण "उन्हानें करपलें" म्हणतों. शंका आली तर पानाखालीं पांढरा कागद धरून पान झटकावें. कागदावरचे धुळीचे कण चालूं लागले, तर गुन्हेगार ऊन नव्हे.

येथें कोणी विचारील कीं एवढ्या उन्हांत हा प्राणी स्वतः कसा भाजत नाहीं? तो राहतो पानाच्या खालच्या बाजूस, सांवलींत. आणि पानांतून पाणी उडत असतें तोंवर पान भोंवतालच्या हवेहून थंडही राहूं शकतें. शिवाय त्याला जो रस प्यावा लागतो त्यांत पाणी फार. कोरड्या हवेंत तें अंगांतून चटकन् उडून जातें आणि त्याला आणखी शोषतां येतें. पण खरी मेख याच्यापुढें आहे. या लाल कोळ्याला खाणारे दुसरे सूक्ष्म कोळी असतात, आणि त्यांच्यांतील कित्येकांच्या अंड्यांना ओलावा लागतो. हवा फार कोरडी झाली तर तीं अंडीं फुटण्यापूर्वींच सुकून जातात. लाल कोळ्यांत सांथ पसरविणारी बुरशीही दमट हवेंतच फोफावते. म्हणजे एकच कोरडा वारा एका पक्षाचें सैन्य वाढवितो आणि दुसऱ्याचें उपाशी मारतो. हें ध्यानांत आलें कीं उपायही आपोआप सुचतो. पहांटे पाण्याची बारीक पण जोरदार फवार पानांच्या खालच्या बाजूनें मारावी, आणि ती तीन-चार दिवसांच्या अंतरानें पुन्हां मारावी. त्यानें लाल कोळी आणि त्यांचीं जाळीं धुवून जातात, आणि त्यांच्या शत्रूंना हवा असलेला ओलावा घडीभर तरी मिळतो.

सगळेच किडे उन्हाळ्यांत माजतात असें मात्र नाहीं. हिवाळ्यांत वालाच्या शेंड्यांवर आणि मोहरीवर दाटणारा मावा एप्रिलच्या उन्हांत आपोआप विरळ होतो. त्याला एवढी आंच सोसत नाहीं. कढीलिंबाच्या आणि लिंबाच्या झाडावरची अळी याच दिवसांत दिसते. लहानपणीं ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, मोठेपणीं हिरवीगार, आणि छेडली तर डोक्यामागून नारिंगी शिंगें काढून उग्र वास सोडणारी. ती उघड्यावर बसून खाते, म्हणून तिच्या नांवानें शंख होतो. पण मोठ्या झाडाची दहा-वीस पानें खाऊन ती एक सुरेख फुलपाखरूं होऊन निघून जाते. मूठभर उंचीचें रोप असेल तर तिला उचलून दूर ठेवावी; एरवीं तिला तिचा घांस खाऊं द्यावा.

माझ्या हातून एकदां याच्या उलट घडलें. वांग्यावर कांहीं किडे दिसतांच मीं तत्परतेनें एक जालीम औषध आणून तिन्ही वाफ्यांवर फवारलें. किडे पडले, त्यांच्याबरोबर ढालकिडे पडले, पानांवरचे इतर कोळी पडले. दोन-तीन आठवड्यांनीं पाहतों तों तिन्ही वाफे भुरकट! लाल कोळ्याला त्या औषधानें फारसें कांहीं झालें नव्हतें. झालें होतें तें त्याच्या शत्रूंना. या चुकींत मी एकटा नव्हतों, एवढेंच समाधान. पॉल म्युलर यांनीं १९३९ मध्यें डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधून काढला आणि १९४८ मध्यें त्यांना त्यासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण महायुद्धानंतर सफरचंदांच्या बागांत तें औषध सर्रास फवारलें जाऊं लागलें, आणि जेथें पूर्वीं लाल कोळी नगण्य होता तेथें तो मुख्य शत्रू होऊन बसला. तीच कथा माझ्या तीन वाफ्यांत घडली.

जास्वंद, सीताफळ आणि पपई यांच्या सांध्यांत जो कापसासारखा पांढरा थर जमतो, तो पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणाचें कवच असल्यामुळें ऊन त्याला वाळवीत नाहीं आणि औषधही सहसा भिडत नाहीं. याच्या एका परदेशी जातीची हकीकत सांगण्याजोगी आहे. मध्य अमेरिकेकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्यें कोइमतूर येथें प्रथम आढळला आणि २०१० पर्यंत पुण्याच्या बाजूस येऊन पोंचला. पपईच्या बागा पांढऱ्या पडल्या. औषधांनीं तो हटेना, तेव्हां बंगळूर येथील केंद्र सरकारच्या कृषि-कीटक संशोधन संस्थेनें २०१० मध्यें पोर्तो रिको येथून त्याचा जन्मजात शत्रू आणविला. हा शत्रू म्हणजे एक मिलिमीटरहूनही लहान अशी गांधीलमाशीच्या जातीची माशी. ती पिठ्या ढेकणाच्या अंगांत अंडें घालते आणि तिचें पिलूं त्याला आंतून खाऊन टाकतें. थोड्याच काळांत तो पांढरा प्रलय ओसरला.

परसांत या माशीला, किंवा ढालकिड्याला, कामावर येऊं न देणारा एक पहारेकरी असतो: मुंगी. पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतो त्यासाठीं मुंग्या त्याचे कळप राखतात आणि त्याच्या वैऱ्यांना हुसकून लावतात. म्हणून जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली कीं वर पाहावें. आणि उपाय वर न करतां खालीं, खोडाशीं करावा. खोडाला कापडाची पट्टी बांधून तिच्यावर चिकट ग्रीस फांसलें, आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, कीं मुंग्यांचा रस्ता तुटतो. मग जुन्या दांतघाशीनें, साबणाच्या सौम्य पाण्यांत बुडवून, सांधे घासून काढावे. हें काम संध्याकाळचें. भर उन्हांत साबण किंवा निंबोळीचें तेल पानावर पडलें तर पानच भाजतें.

जमिनीविषयीं थोडेंसेंच सांगतों. उघडी काळी माती दुपारीं पन्नास अंशांच्याही वर तापते, आणि वरच्या थरांतलीं कोंवळीं मुळें त्यांत शिजतात. तरीही आपण वाळलेला पाचोळा झाडून, गोळा करून, पेटवून देतों. तोच चार बोटें जाडीचा थर आळ्यांत पसरला तर माती थंड राहते, ओल टिकते, आणि कोळी, ढालकिडे यांना दुपारपुरता आसरा मिळतो. पाचोळ्यांत विंचू येईल ही भीति खोटी नाहीं. म्हणून तो घराच्या भिंतीपासून दोन-तीन हात दूर ठेवावा आणि उघड्या हातानें चाळवूं नये.

परसांतल्या पाण्यावर आणखी एक पाहुणा येतो. नळाच्या गळतीवर, ओल्या फडक्यावर मधमाशा घोंघावूं लागल्या कीं घरांतील मुलें भितात आणि कोणीतरी झाडू उचलतो. पण त्या माशा तेथें मधासाठीं येत नाहींत. पिलें असतात तो पोळ्याचा भाग ३४-३५ अंशांवर ठेवणें त्यांना भाग असतें. त्याहून ताप वाढला तर पिलें दगावतात. म्हणून कांहीं माशा पाणी वाहून आणतात, तें घरांवर पातळ पसरतात, आणि इतर माशा पंखांनीं वारा घालतात. मार्टिन लिंडावर या जर्मन शास्त्रज्ञानें गेल्या शतकाच्या मध्यास इटलींतील सालेर्नोजवळ, ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर एक पोळें भर उन्हांत ठेवलें होतें. भोंवतालचा ताप साठ अंशांच्या वर गेला, पण पाणी मिळत होतें तोंवर पोळ्याच्या आंतला ताप ३५ अंशांच्या पुढें गेला नाहीं. आपल्या परसांत येणाऱ्या सातेरी आणि फुलोरी माशांचीही पाण्यासाठीं हीच धडपड असते. त्यांच्यासाठीं उथळ परळांत खडे घालून, खड्यांचीं डोकीं वर राहतील इतकेंच पाणी ठेवावें. खोल भांड्यांत त्या बुडतात.

या परळांची, पक्ष्यांसाठीं टांगलेल्या भांड्यांची आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांची एक बाजू मात्र गंभीर आहे. डेंग्यू पसरविणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डांस अशाच लहान, स्वच्छ पाण्यांत वाढतो. या दिवसांच्या उबेंत त्याचें अंडें फुटल्यापासून डांस उडण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यांतून एकदां पाणी ओतून टाकावें, असें सारेच सांगतात. पण ओतणें पुरत नाहीं. एडिसची मादी अंडीं पाण्यांत घालीत नाहीं. पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवून ठेवते. तीं काळीं, बारीक अंडीं भांडें कोरडें पडलें तरी महिनेच्या महिने जिवंत राहतात, आणि पुढें पाणी चढलें कीं फुटतात. तेव्हां प्रत्येक वेळीं भांड्याची आंतली कड काथ्यानें घासली पाहिजे. आणि मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं, मेच्या अखेरीस, परसाच्या कोपऱ्यांत पालथ्या-उताण्या पडलेल्या रिकाम्या कुंड्या, फुटके माठ आणि नारळाच्या करवंट्या यांची एकदां झडती घ्यावी. ठेवावयाचें तें घासून पालथें घालावें, आणि उरलेलें त्याच दिवशीं बाहेर काढावें.